मेंदूतलं मायलिन एमआरआयने मोजतात, म्हणजे नेमकं काय मोजतात?

मार्च २०२५ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याची बातमी बघता बघता जगभर पोचली. ४२ किलोमीटरची मॅरेथॉन धावणाऱ्या १० जणांच्या मेंदूचे एमआरआय शर्यतीच्या आधी आणि नंतर काढले होते. शर्यतीनंतर मेंदूच्या काही भागांत मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं चरबीयुक्त वेष्टण, कमी झाल्याची खूण दिसली आणि दोन महिन्यांत आकडे पूर्वपदावर आले. अभ्यास एवढाच होता. पण धावणाऱ्यांचा मेंदू स्वतःचीच चरबी खातो अशा अर्थाचे मथळे छापून आले. धावणारे धास्तावले. ज्यांच्या घरी मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मायलिन नष्ट करणाऱ्या एमएस या आजाराचा, रुग्ण आहे त्यांना वेगळाच प्रश्न पडला: मायलिन इतकं अचूक मोजता येत असेल, तर आमच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये तो आकडा का नसतो?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कळायला एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते, आणि बातम्यांतून नेमकी तीच गळते. एमआरआयला मायलिन दिसत नाही. त्याला पाणी दिसतं, आणि पाण्याच्या वागण्यावरून मायलिनचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज हुशारीने केलेला आहे, बऱ्याचदा खराही ठरतो. पण तो अंदाज आहे हे विसरलं की सुतावरून स्वर्ग गाठला जातो.

## मायलिन म्हणजे काय?

मेंदूतल्या प्रत्येक चेतापेशीतून एक लांब धागा निघतो. त्याला चेतातंतू म्हणू. संदेश याच्यावरून विजेच्या रूपात धावतो. अनेक चेतातंतूंभोवती चरबीयुक्त पापुद्र्याचे थरावर थर गुंडाळलेले असतात. ते वेष्टण म्हणजे मायलिन. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. अशी एक पेशी आपले हात पसरून अनेक तंतूंचे मिळून ५० पर्यंत तुकडे गुंडाळू शकते.

वेष्टण सलग नसतं. मध्ये मध्ये ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात. विजेचा संदेश एका उघड्या जागेपासून पुढच्या उघड्या जागेपर्यंत जणू उडी घेतो, म्हणून वेग प्रचंड वाढतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला साधारण १ मीटर जातो. मायलिन असलेल्या जाड तंतूत तोच वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जाऊ शकतो. मेंदू कापून पाहिला तर आतला मोठा भाग पांढरा दिसतो. तो पांढरेपणा मायलिनच्या चरबीचा.

आपण जन्मतो तेव्हा हे काम नुकतंच सुरू झालेलं असतं. श्वास, हालचाल, दृष्टी, स्पर्श यांचे मार्ग आधी गुंडाळले जातात. नियोजन आणि संयम यांच्याशी संबंध असलेला कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, थेट विशीपर्यंत आणि त्यापुढेही. कुठला मार्ग कधी गुंडाळला जातो याचा नकाशा जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये पाउल फ्लेक्सिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मृत अर्भकांच्या मेंदूंचा अभ्यास करून काढला होता. जिवंत मेंदूत डोकावायची तेव्हा सोयच नव्हती.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या वेष्टणावरच हल्ला करते. वेष्टण गेलं की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो, आणि उघडा पडलेला तंतू हळूहळू मरू शकतो. लहान मुलांमध्ये ल्युकोडिस्ट्रॉफी नावाचे दुर्मीळ आनुवंशिक आजार असतात. त्यांत मायलिन नीट बनत नाही किंवा बनून बिघडतं. तेव्हा मायलिन किती आहे, किती गेलं, किती परत आलं हे माणूस जिवंत असताना कळावं ही संशोधकांची हौस नाही, ती रुग्णांची गरज आहे.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक बारकावा लक्षात ठेवा. मायलिन सुकवून वजन केलं तर त्यात ७० ते ८० टक्के चरबीयुक्त पदार्थ आणि उरलेली प्रथिनं असतात. पण जिवंत मेंदूत ते सुकलेलं नसतं. त्याच्या पापुद्र्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटींत पाणी असतं, मायलिनच्या एकूण वजनाच्या सुमारे ४० टक्के. हेच पाणी या लेखाचं मुख्य पात्र आहे.

## एमआरआय यंत्र काय ऐकतं?

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. प्रत्येकाच्या केंद्रात एक प्रोटॉन असतो आणि तो एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एमआरआयच्या बोगद्यात या प्रोटॉनना जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात ठेवलं जातं. रुग्णालयात सर्रास दिसणारी यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ६०,००० पट. या क्षेत्रात प्रोटॉन एका ठरावीक वारंवारितेला प्रतिसाद देतात. ३ टेस्लाला ती सुमारे १२८ मेगाहर्ट्झ असते. त्याच वारंवारितेची रेडिओलहर सोडली की प्रोटॉन डळमळतात आणि स्वतः रेडिओ संकेत देऊ लागतात. यंत्र तो संकेत टिपतं.

हा संकेत टिकत नाही, विझत जातो. तो किती वेगाने विझतो याच्या मापाला टी-२ म्हणतात. मोकळं पाणी असेल तर संकेत बराच वेळ टिकतो. मेंदूभोवतीच्या द्रवात टी-२ जवळपास २ सेकंद असतो. पेशींमधलं पाणी आजूबाजूच्या रेणूंना सतत खेटत असतं, म्हणून त्याचा संकेत लवकर विझतो, टी-२ साधारण ७० ते १०० मिलिसेकंद. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.)

हायड्रोजन मायलिनच्या चरबीतही भरपूर आहे. मग तिचा संकेत सरळ का मोजत नाहीत? कारण चरबीचे ते रेणू पापुद्र्यात घट्ट बसलेले असतात, त्यांना पाण्यासारखं मोकळं हलता येत नाही. अशा जखडलेल्या प्रोटॉनचा संकेत एका मिलिसेकंदाच्या आत, बराचसा तर त्याहूनही कितीतरी कमी वेळात, विझून जातो. नेहमीच्या तपासणीत यंत्र ऐकायला सुरुवात करतं तेव्हा कित्येक मिलिसेकंद उलटलेले असतात. तोवर मायलिनकडून काहीच उरत नाही. अतिशय जलद ऐकणाऱ्या खास पद्धतींनी हा संकेत थेट पकडायचे प्रयत्न चालू आहेत, पण ते अजून मोजक्या प्रयोगशाळांपुरते आहेत. म्हणून शास्त्रज्ञांनी आडवाटा शोधल्या. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या आहेत.

## पहिली वाट: पापुद्र्यांत अडकलेलं पाणी

मायलिनच्या फटींतलं पाणी फारच अरुंद जागेत कोंडलेलं असतं. ते दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांवर सतत आदळतं, त्यामुळे त्याचा संकेत पेशींमधल्या इतर पाण्यापेक्षा लवकर विझतो. टी-२ साधारण १० ते ४० मिलिसेकंद. चरबीसारखा तत्काळ नाही, पण इतर पाण्याइतका सावकाशही नाही. यंत्राला तो ऐकू येतो.

कल्पना करा की अंधाऱ्या खोलीत दोन प्रकारच्या घंटा टांगल्या आहेत. काहींचा नाद लगेच विरतो, काहींचा बराच वेळ घुमतो. सगळ्या एकदम वाजवल्या. तुम्हाला एकेक घंटा दिसत नाही, एकूण आवाज तेवढा ऐकू येतो. सुरुवातीला आवाज झपाट्याने उतरतो, मग सावकाश. तो कसकसा उतरला याची नोंद ठेवली, तर लवकर विरणाऱ्या घंटा एकूण घंटांच्या किती टक्के होत्या हे गणिताने काढता येतं.

मेंदूत हेच करतात. समजा, मायलिनमधल्या पाण्याचा टी-२ २० मिलिसेकंद आहे आणि बाकीच्या पाण्याचा ८०. दहाव्या मिलिसेकंदाला पहिल्याचा ६१ टक्के संकेत शिल्लक असतो, दुसऱ्याचा ८८ टक्के. साठाव्या मिलिसेकंदाला पहिल्याचा जेमतेम ५ टक्के उरतो, दुसऱ्याचा मात्र ४७ टक्के. सगळी माहिती या फरकात दडलेली आहे. कॅनडात व्हँकूव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ॲलेक्स मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली जिवंत माणसाच्या मेंदूत हे करून दाखवलं. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत दर १० मिलिसेकंदांनी एक अशा ३२ नोंदी घेतात आणि त्यावरून मेंदूतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी गणित मांडतात. लवकर विझणाऱ्या पाण्याचा एकूण पाण्यातला वाटा म्हणजे मायलिन-पाण्याचं प्रमाण. निरोगी प्रौढाच्या पांढऱ्या भागात ते साधारण १० ते १५ टक्के येतं, करड्या भागात त्याहून बरंच कमी.

इथे एक गैरसमज हमखास होतो. मायलिन-पाणी १२ टक्के आलं म्हणजे मेंदूत १२ टक्के मायलिन आहे, असं नाही. एकूण पाण्यापैकी १२ टक्के पाणी मायलिनच्या फटींत असल्यासारखं वागतंय, एवढाच त्याचा अर्थ. भागाकारातला छेद, म्हणजे एकूण पाणी, बदललं तरी हा आकडा बदलतो. समजा मेंदूच्या एखाद्या भागाला सूज आली आणि तिथे बाहेरचं पाणी वाढलं. मायलिन जसंच्या तसं आहे, तरी टक्केवारी खाली येईल.

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. नोंदींत नेहमीच थोडी खरखर असते. खरखर असलेल्या अशा नोंदींवरून लवकर विझणारं किती आणि सावकाश विझणारं किती हे काढायला गेलं, तर एकाहून अधिक उत्तरं जवळजवळ सारखीच बरोबर बसतात. त्यांतलं एक निवडण्यासाठी संगणकाला काही अटी घालाव्या लागतात, उदाहरणार्थ, उत्तर शून्याखाली जाऊ नये, किंवा ते फार खडबडीत नसावं. या अटी समंजस आहेत, पण त्या माणसाने घातलेल्या आहेत. अटी बदलल्या की आकडा थोडा सरकतो. म्हणून एका प्रयोगशाळेतले ११ टक्के आणि दुसरीतले १३ टक्के शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं असतं.

## दुसरी वाट: न दिसणाऱ्याला धक्का द्यायचा

जखडलेल्या प्रोटॉनचा संकेत ऐकू येत नसला, तरी त्यांचा शेजाऱ्यांवर परिणाम होतो. ही युक्ती १९८९ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन वुल्फ आणि रॉबर्ट बॅलबन यांनी पुढे आणली. तिला मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर म्हणतात, म्हणजे चुंबकत्वाची देवाणघेवाण.

मोकळ्या पाण्यातले प्रोटॉन अगदी नेमक्याच वारंवारितेला दाद देतात. जखडलेल्यांचं तसं नाही, ते त्या वारंवारितेच्या आजूबाजूच्या फार मोठ्या पट्ट्याला दाद देतात. तेव्हा पाण्याच्या वारंवारितेपासून थोडी बाजूला असलेली रेडिओलहर मुद्दाम सोडायची. पाण्याला ती थेट लागत नाही, जखडलेल्या रेणूंना लागते. ते आपला हा परिणाम शेजारच्या पाण्याकडे सरकवतात आणि पाण्याचा संकेत क्षीण होतो. लहर सोडण्याआधी संकेत किती होता आणि सोडल्यावर किती कमी झाला, या फरकावरून जखडलेल्या रेणूंचा अंदाज येतो. जितकं मायलिन जास्त, तितकी घट मोठी.

या पद्धतीत तपासणी लवकर होते आणि चित्र स्वच्छ येतं. म्हणून एमएसच्या संशोधनात ती पूर्वीपासून वापरात आहे. उणीव ही की मेंदूत जखडलेले रेणू फक्त मायलिनचे नसतात. पेशींची आवरणं, त्यांच्या आतली प्रथिनं, सगळीच धक्का पुढे पाठवतात. सूज आली, पाणी वाढलं, तरी फरक पडतो. शिवाय लहर किती जोराची, किती बाजूला, किती वेळ सोडली यावर आकडा अवलंबून असतो. दोन रुग्णालयांचे आकडे सहसा जुळत नाहीत ते यामुळेच. गेल्या दशकात या युक्तीचं एक सुधारित रूप आलं आहे. त्यात मायलिनसारख्या थरांच्या चरबीला विशेष दाद मिळते आणि बाकीच्या रेणूंचा गोंधळ कमी होतो. मला त्याच्याकडून बरीच आशा आहे.

## "पण साध्या एमआरआयमध्येही एमएसचे डाग दिसतात की!"

दिसतात, आणि निदानासाठी ते फार मोलाचे आहेत. पण तो डाग म्हणजे मायलिन गेल्याचा पुरावा नव्हे. त्या जागी पाण्याचा संकेत जास्त वेळ टिकतोय, एवढंच तो सांगतो. कारण मायलिन गेल्याचं असू शकतं, नुसत्या सुजेचं असू शकतं, जुन्या जखमेच्या व्रणाचं असू शकतं. मायलिन पूर्ण गेलेला भाग आणि दुरुस्त होऊन अर्धंअधिक मायलिन परत आलेला भाग, दोन्ही चित्रात सारखेच पांढरे दिसू शकतात. रुग्णाच्या दृष्टीने त्या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. उलट, डाग नसलेल्या आणि वरवर ठीक दिसणाऱ्या भागातही मायलिन-पाणी कमी भरल्याचं एमएसच्या अभ्यासांत आढळलेलं आहे.

बातम्यांमध्ये आणखी एक पद्धत मायलिनच्या नावाने खपवली जाते. तिच्यात पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने जास्त सरकतात ते मोजतात. तंतूंच्या जुडीत पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं सरकताना अडतं. हा अडथळा मायलिनचाच, असं गृहीत धरून "दिशा स्पष्ट, म्हणजे मायलिन शाबूत" असा निष्कर्ष काढला जातो. १९९४ मध्ये ख्रिश्चन ब्युलियू आणि पीटर ॲलन यांनी गारफिश नावाच्या माशाची वास ओळखणारी चेता तपासली. तिच्या तंतूंवर मायलिन नसतंच. तरीही पाणी तिथे स्पष्टपणे एकाच दिशेने सरकत होतं, कारण तंतूंची साधी आवरणंही पाण्याला आडवं जाऊ देत नव्हती. इतका सरळ पुरावा ३० वर्षांपासून समोर आहे. तरीही या मापाला बिनधास्त "मायलिनचं माप" म्हणणारे लेख अजून छापून येतात, याची मला खंत वाटते. ही पद्धत मेंदूतल्या तंतूंचे मार्ग शोधायला उत्तम आहे. मायलिन मोजणं हे तिचं काम नाही.

तिसरा प्रकार त्याहून झटपट. दोन नेहमीची चित्रं घ्यायची आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले कोणते भाग मायलिनने समृद्ध आहेत याचे सुंदर नकाशे मॅथ्यू ग्लासर आणि डेव्हिड व्हॅन एसन यांनी २०११ मध्ये या युक्तीने काढले. दृष्टी, श्रवण आणि हालचालीचे मूळ भाग त्यात ठळक उठून दिसतात. एकाच मेंदूत कुठे जास्त आणि कुठे कमी, हे कळायला ते उपयोगी आहेत. आजाराने किती मायलिन गेलं हे त्यावरून सांगू नये.

## लोह आणि कोन

दोन गोष्टी सगळ्याच आकड्यांत लुडबुड करतात. पहिली लोह. मायलिन बनवणाऱ्या पेशींतच लोह भरपूर असतं, आणि लोहामुळेही संकेत लवकर विझतो. म्हणजे जिथे मायलिन तिथे बहुधा लोह, आणि दोघांचा परिणाम सारखाच दिसतो. मात्र चुंबकीय क्षेत्रात मायलिन किंचित विरोधात जातं आणि लोह बाजूने. या फरकाचा फायदा घेऊन दोघांना वेगळं काढणाऱ्या पद्धती अलीकडे पुढे येत आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. तंतूंची जुडी यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी कोणता कोन करते यावरही संकेत विझण्याचा वेग बदलतो. डोकं जरा तिरकं ठेवलं तर त्याच मेंदूचा आकडा किंचित वेगळा येऊ शकतो.

## हे सगळं खरं आहे हे कशावरून?

शंका घेतलीच पाहिजे. पडताळणीचा एक थेट मार्ग आहे, मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंचा आधी एमआरआय काढायचा, मग त्याच मेंदूचे काप करून मायलिनला रंग देणारं द्रव्य लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ताडून पाहायचं. लक्झॉल फास्ट ब्लू नावाचं निळं रंगद्रव्य यासाठी १९५० च्या दशकापासून वापरलं जातं. २००६ मध्ये व्हँकूव्हरच्याच गटाने, कॉर्नेलिया लॉउल यांच्या पुढाकाराने, एमएस असलेल्या व्यक्तींच्या मेंदूंवर ही तुलना केली. निळा रंग जिथे गडद तिथे मायलिन-पाणी जास्त, असं मेळ बसणारं चित्र मिळालं. चुंबकत्वाच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीलाही अशाच अभ्यासांचा आधार आहे.

पण मेळ बसणं आणि तंतोतंत मोजणं यांत अंतर आहे. जतन करण्यासाठी मेंदू फॉर्मालिनमध्ये ठेवला की त्यातल्या पाण्याचं वागणं बदलतं. रंगाचा गडदपणा हेही मायलिनच्या वजनाचं थेट माप नाही, म्हणजे एक अंदाज दुसऱ्या अंदाजाशी ताडला जातो. २०२० मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात अशा पडताळणीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मायलिनचं सर्वोत्तम माप म्हणून एकाच पद्धतीचं नाव घेता येईल असं त्यातून निघालं नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. वेगवेगळ्या कारणांनी चुकणाऱ्या दोन पद्धती जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला जास्त जागा असते.

## मग मॅरेथॉनचं काय?

स्पेनमधल्या त्या संशोधकांनी मायलिन-पाणी मोजलं होतं. शर्यतीनंतर एकदोन दिवसांत मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या १२ ठिकाणी ते घटलेलं होतं, विशेषतः हालचाल, समन्वय आणि भावना यांच्याशी संबंध असलेल्या मार्गांमध्ये. दोन आठवड्यांनी ते बऱ्यापैकी सावरलं होतं आणि दोन महिन्यांनी पूर्ववत झालं. संशोधकांचा तर्क असा की साखरेचा साठा संपत आला की मेंदू मायलिनची थोडी चरबी इंधन म्हणून वापरत असावा.

पहिला आक्षेप कोणालाही सुचेल: इतकं धावल्यावर शरीरातलं पाणीच कमी झालं असेल, मग पाण्यावर बेतलेल्या मापाचं काय? संशोधकांनी याचा विचार केला होता. पाणी सगळीकडेच कमी झालं असतं तर घट मेंदूभर दिसायला हवी होती, पण ती निवडक मार्गांतच होती. हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. त्यांनी चरबी मोजलेली नाही. पापुद्र्यांमधल्या फटींची रुंदी किंचित बदलली, किंवा फटींतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची ये-जा वाढली, तरीही चरबीचा एक कणही न जाता हा आकडा खाली येऊ शकतो. चरबी इंधन म्हणून जळली हे या चित्रांतून सिद्ध होत नाही, तशी शक्यता दिसते. शिवाय माणसं १० होती. अभ्यास कुतूहल वाढवणारा आहे, त्यात धावणाऱ्यांच्या विचारशक्तीला इजा झाल्याचा निष्कर्ष नाही, आणि घट भरून आली हा त्यातला तितकाच महत्त्वाचा भाग आहे. मॅरेथॉनची तयारी या बातमीमुळे सोडावी असं त्यात काही नाही.

## रुग्णाच्या रिपोर्टमध्ये हा आकडा कधी येणार?

तीन अडचणी आहेत. पहिली वेळेची, आणि ती बरीचशी सुटली आहे. सुरुवातीला मेंदूचा एकच काप मोजायला जवळपास २५ मिनिटं लागत. २०१२ पर्यंत संपूर्ण मोठा मेंदू सुमारे १५ मिनिटांत मोजण्याची पद्धत तयार झाली, आणि त्यानंतर वेग आणखी वाढला आहे. दुसरी अडचण तुलनेची. रक्तातल्या साखरेला सर्वमान्य मर्यादा आहेत, मायलिन-पाण्याला नाहीत. यंत्राची कंपनी, ताकद आणि गणिताच्या अटी बदलल्या की आकडा बदलतो, म्हणून डॉक्टरला एका रुग्णाकडे बघून "हे कमी आहे" असं ठामपणे म्हणता येत नाही. तिसरी अडचण अशी की आकडा कळला तरी त्यावर आज बहुतेक वेळा करण्यासारखं काही नसतं. एमएसची सध्याची औषधं रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला आवरतात. गेलेलं मायलिन परत आणणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

मात्र असं औषध शोधणाऱ्यांना या मापाची नितांत गरज आहे, कारण तिथे तुलना त्याच माणसाची, त्याच यंत्रावर, औषधाच्या आधी आणि नंतर होते. यंत्रायंत्रांमधल्या फरकांची अडचण तिथे पुष्कळ कमी होते. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एमएसच्या ५० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचं जुनं औषध मायलिन परत बनवायला मदत करतं का, हे तिच्यात पाहिलं होतं. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारा संदेश दर डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लवकर पोचू लागला. सुधारणा लहान होती, पण मायलिन परत आलं असावं असं सुचवणारी होती. त्या वेळच्या एमआरआय मोजमापांत मात्र ठोस फरक दिसला नव्हता. पुढे २०२३ मध्ये त्याच चाचणीतली चित्रं पुन्हा तपासली गेली. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पुलात औषध घेतलेल्यांचं मायलिन-पाणी वाढल्याची नोंद त्यातून मिळाली.

हे वाचून कोणी औषधाच्या दुकानात जाऊ नये. नंतरच्या एका वेगळ्या चाचणीत क्लेमास्टिन घेणाऱ्या काही एमएस रुग्णांचं अपंगत्व उलट वेगाने वाढलं आणि चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. सध्या इतर औषधांवर काम चालू आहे, आणि त्या चाचण्यांमध्ये चेतासंदेशाचा वेग आणि मायलिनचा एमआरआय ही दोन्ही मापं सोबत घेण्याकडे कल वाढतो आहे. एमएसच्या रुग्णाला अशा चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर मेंदूरोगतज्ज्ञांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: इथे मायलिन कोणत्या पद्धतीने मोजणार आहात, आणि औषध सुरू होण्याआधीचा माझा स्वतःचा आकडा त्याच यंत्रावर घेणार आहात का?